सीओटू वाढला की बीपी का चढतं? आधी श्वास बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६८ वर्षांचे, सीओपीडीचे, म्हणजे श्वासाच्या वाटा अरुंद करणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराचे, जुने रुग्ण. दोन दिवस दम वाढत गेला, रात्री असंबद्ध बडबड सुरू झाली म्हणून हॉस्पिटलमध्ये नेलं. बीपी १९०/१००, नाडी १२०, डोळे लाल, अंगाला घाम, पण हात मात्र गरम. एबीजी म्हणजे धमनीतल्या रक्ताची तपासणी केली, त्यात कार्बन डायऑक्साइड (सीओटू) ७८, पीएच (रक्ताची आम्लता सांगणारा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ७.२४, बायकार्बोनेट (आम्लाला तोलणारा क्षार) ३२. घरच्यांना वाटलं की आधी बीपी उतरवायचं इंजेक्शन देतील. डॉक्टरांनी ते न देता तोंडावर बायपॅपचा, म्हणजे दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राचा, मास्क बांधला. चार तासांनी बीपी १००/६० वर आलं आणि घरचे दुसऱ्यांदा घाबरले. हे सगळं कसं काय झालं, सीओटूचा रक्ताभिसरणाशी आणि सिंपथेटिक, म्हणजे संकटात शरीराला सज्ज करणाऱ्या, नसांशी संबंध काय, आणि एसी लावून बंद खोलीत झोपल्यानेही बीपी असंच वाढतं का, हे विचारलं आहे.

मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशन थिएटरमध्ये आणि आयसीयूत दिवसभर नजर ज्या आकड्यांवर असते त्यांत सीओटू फार वरच्या क्रमांकावर येतो. तुमच्या वडिलांच्या डॉक्टरांनी केलं ते बरोबर केलं, हे आधीच सांगतो. का, ते आता सविस्तर.

सीओटू रक्ताभिसरणावर दोन वाटांनी काम करतो आणि या दोन वाटा एकमेकींच्या उलट ओढतात. पहिली वाट थेट आहे: वाढलेला सीओटू रक्तवाहिन्या सैल करतो आणि हृदयाच्या स्नायूचा जोर कमी करतो. म्हणजे एवढंच घडलं असतं तर बीपी खाली जायला हवं. दुसरी वाट मेंदूतून जाते: तोच सीओटू सिंपथेटिक मज्जासंस्थेला जागं करतो आणि ती नाडी वाढवते, हृदयाला जोर देते, रक्तवाहिन्या आवळते. मॉनिटरवर दिसणारं बीपी हा या रस्सीखेचीचा त्या क्षणाचा निकाल असतो. १९०/१०० याचा अर्थ वडिलांची सिंपथेटिक बाजू त्या वेळी जिंकत होती, पण दोर दोन्हीकडून ताणलेला होता.

आता पहिली वाट. आपलं शरीर नुसतं पडून असताना मिनिटाला साधारण २०० मिलिलीटर सीओटू तयार करतं आणि फुफ्फुसं तो बाहेर टाकतात. धमनीतल्या रक्तात त्याचा दाब ३५ ते ४५ मिलिमीटर पारा एवढा राहतो. फुफ्फुसं मागे पडली की तो साठत जातो. हा वायू पेशीच्या आवरणातून अगदी सहज आत शिरतो आणि पाण्याशी संयोग होऊन आम्ल बनवतो. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूत आम्लता वाढली की तिथले पोटॅशियमचे मार्ग उघडतात, आत येणारं कॅल्शियम कमी होतं आणि स्नायू सैल पडतो. हृदयाच्या स्नायूतही आम्लतेमुळे कॅल्शियमची पकड ढिली होते, ठोक्याचा जोर घटतो. वडिलांचे हात गरम होते आणि डोळे लाल होते ते याच वाटेने: कातडीतल्या आणि डोळ्यातल्या बारीक वाहिन्या सैलावल्या होत्या. एरवी बीपी खूप वाढलेल्या, घाबरलेल्या, घामाघूम माणसाचे हात गार असतात. घाम आहे, नाडी टणाटण उडते आहे आणि हात गरम आहेत, असा रुग्ण समोर आला की माझ्या डोक्यात आधी सीओटू येतो.

पीएचबद्दलही इथेच सांगतो. सीओटू अचानक १० ने वाढला तर पीएच साधारण ०.०८ ने उतरतो. त्या हिशेबाने ४० वरून एकदम ७८ झाला असता तर पीएच ७.१० च्या आसपास गेला असता. तो ७.२४ होता आणि बायकार्बोनेट ३२ होतं, म्हणजे मूत्रपिंडांनी बरेच दिवस आधीपासून बायकार्बोनेट साठवून भरपाई चालवली होती. मूत्रपिंडांना हे काम नीट जमायला तीन ते पाच दिवस लागतात, दोन दिवसांत एवढं साठत नाही. तेव्हा वडिलांचा सीओटू आजारपणाच्या आधीही चढाच असणार. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

दुसरी वाट जास्त रंजक आहे आणि सिंपथेटिक नसांचा सगळा खेळ तिथे आहे. १९०५ मध्ये इंग्लंडमध्ये हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी दाखवून दिलं की रोजच्या जगण्यात आपला श्वास किती चालवायचा हे ऑक्सिजनपेक्षा सीओटू ठरवतो. मेड्युलाच्या, म्हणजे मेंदूच्या देठाच्या, पुढच्या पृष्ठभागाजवळ असलेल्या पेशी सीओटूमुळे झालेली आम्लता ओळखतात. रक्तातलं आम्ल मेंदूच्या पडद्यातून सहजी आत जात नाही, सीओटू मात्र लगेच पोचतो. शिवाय गळ्यात दोन्ही बाजूंना, कॅरोटिड धमनीला फाटा फुटतो तिथे, कॅरोटिड बॉडी नावाचा काही मिलिमीटरचा ठिपका असतो. तो मुख्यतः ऑक्सिजनची कमतरता ओळखतो, पण सीओटूलाही दाद देतो आणि वेगाने देतो. या ठिकाणांचा श्वसनाशी असलेला संबंध उलगडल्याबद्दल बेल्जियमच्या कॉर्नेल हेमन्स यांना १९३८ चं नोबेल मिळालं.

या दोन्ही ठिकाणांहून निघालेला संदेश फक्त श्वासाच्या केंद्राकडे जात नाही. मेड्युलातच, अगदी शेजारी, रक्तदाब सांभाळणाऱ्या पेशींचा एक पुंजका आहे. त्याच्या तारा खाली पाठीच्या कण्यात उतरतात आणि छातीच्या व कमरेच्या वरच्या भागातून सिंपथेटिक नसा बाहेर पडतात: हृदयाकडे, रक्तवाहिन्यांकडे आणि मूत्रपिंडावर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथीकडे. नसांच्या टोकांना नॉरअॅड्रिनॅलिन सुटतं, ग्रंथीतून अॅड्रिनॅलिन रक्तात येतं. नाडी वाढते, हृदय दर मिनिटाला जास्त रक्त फेकतं, वरचं बीपी चढतं, घाम फुटतो.

हे सगळं पूर्वी अंदाजाने सांगावं लागे. १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये उप्साला इथे अशी पद्धत निघाली की गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाणाऱ्या नसेत केसाएवढी बारीक टंगस्टनची सुई घालून जाग्या माणसाच्या सिंपथेटिक नसेतले विद्युत झटके थेट नोंदवता येतात, लाउडस्पीकरवर ऐकताही येतात. अमेरिकेत आयोवा इथल्या संशोधकांनी १९८९ मध्ये याच पद्धतीने निरोगी माणसांना एकदा कमी ऑक्सिजन आणि एकदा जास्त सीओटू देऊन पाहिलं. सीओटूने सिंपथेटिक नस जास्त खवळली. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, श्वास रोखून धरला की नसेचा जोर कित्येक पट वाढला. फुफ्फुसं फुगताना जो ताण बसतो तो एरवी या नसांना लगाम घालत असतो. श्वास चालू असताना सीओटू वाढणं आणि श्वास बंद पडून तो वाढणं या नसेच्या दृष्टीने दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

इथून घोरण्याकडे वळायलाच हवं. झोपेत घसा बंद होऊन श्वास अडकणाऱ्या लोकांत, म्हणजे स्लीप अॅप्नियात, रात्रभर हेच घडतं. श्वास अडकला की ऑक्सिजन घटतो, सीओटू चढतो, फुफ्फुसं फुगत नसल्यामुळे लगामही सुटतो. सिंपथेटिक नस वाढत वाढत टोकाला जाते, मग माणूस घुसमटून अर्धवट जागा होतो आणि मोठ्ठा श्वास घेतो. त्या क्षणी नस गप्प होते, पण आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल व्हायला काही सेकंद लागतात आणि हृदय तर नव्या दमाने रक्त ढकलत असतं, म्हणून बीपीचं टोक नेमकं तिथे येतं. अशा रुग्णांची सिंपथेटिक नस दिवसा, जागेपणी, श्वास व्यवस्थित चालू असतानाही चढलेली सापडते. तीन-तीन गोळ्या घेऊनही बीपी आटोक्यात येत नसेल, माणूस घोरत असेल आणि दिवसा पेंगत असेल, तर चौथी गोळी लिहायच्या आधी झोपेची तपासणी करावी, हे मी माझ्या ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो.

मूळ मुद्द्यावर येतो. या दोन वाटा खरोखर वेगळ्या आहेत हे जिथे लख्ख दिसतं अशी एक जागा आयसीयूत आहे. मेंदूचा देठ मृत झाला आहे का, हे ठरवताना १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार ज्या चाचण्या होतात त्यांत एक अॅप्निया टेस्ट असते. रुग्णाला आधी भरपूर ऑक्सिजन देतात, मग व्हेंटिलेटर काढून आठ-दहा मिनिटं छातीकडे बघत उभं राहायचं असतं. सीओटू ६० च्या वर जाऊनही एकही श्वास आला नाही तर चाचणी पॉझिटिव्ह. त्या मिनिटांत माझी एक नजर छातीवर असते आणि दुसरी धमनीतल्या बीपीच्या रेषेवर. तुमच्या-माझ्या शरीरात ६० चा सीओटू बीपी वर नेतो. इथे अनेकदा ते खाली घसरायला लागतं, इतकं की आधीपासून चालू असलेलं नॉरअॅड्रिनॅलिन वाढवावं लागतं. सीओटू तोच आहे, पण त्याची खबर घेऊन सिंपथेटिक नसांना हुकूम देणारा देठ उरलेला नाही. मग फक्त थेट वाट शिल्लक राहते: वाहिन्या सैल, हृदय मंद.

हीच गोष्ट सौम्य रूपात रोज भेटते. जुन्या मधुमेहात ज्यांच्या स्वायत्त नसा खराब झाल्या आहेत, ज्यांना पाठीतून वरपर्यंत भूल दिली आहे, ज्यांना बीटा ब्लॉकरचा, म्हणजे हृदयावरचा अॅड्रिनॅलिनचा परिणाम रोखणाऱ्या औषधाचा, मोठा डोस चालू आहे, अशांत सीओटू वाढला तरी नाडी-बीपी म्हणावं तसं चढत नाही, उलट उतरू शकतं. त्यामुळे "बीपी नॉर्मल आहे, म्हणजे सीओटू ठीक असेल" हे गणित चालत नाही. (या वाक्यावरून कुणी स्वतःहून बीटा ब्लॉकर बंद करू नये. अचानक बंद करणं जास्त धोक्याचं आहे.)

थिएटरमध्ये कॅप्नोग्राफ, म्हणजे प्रत्येक उच्छ्वासातला सीओटू दाखवणारं यंत्र, सगळीकडे नव्हतं तेव्हा भूलतज्ज्ञ याच खुणांवर काम करत. कपाळावर घामाचे थेंब, नाडी चढती, बीपी चढतं, आणि सर्जन मान वर न करता म्हणतो, "आज फारच झिरपतंय." कापलेल्या जागेतून रक्त जास्त का झिरपतं? बारीक वाहिन्या सैल आहेत आणि मागून दाब वाढलेला आहे, दोन्ही वाटा एकाच जखमेत दिसतात. आजही दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट सीओटूनेच फुगवतात, साधारण १२ ते १५ मिलिमीटर पारा दाबाने, आणि त्यातला काही वायू रक्तात शोषला जातो. शस्त्रक्रिया लांबली, नाडी ७८ ची १०४ झाली, तर नवखा डॉक्टर आधी भूल कमी पडली असं समजून औषधाकडे हात नेतो. मी आधी उच्छ्वासातला आकडा बघायला सांगतो. ५२ दिसला तर व्हेंटिलेटरचे श्वास वाढवायचे, आणि रुग्णाच्या गळ्यावर, खांद्यावर बोटं दाबून पाहायचं. कातडीखाली कुरकुर लागली तर वायू पोटातून निसटून वर पसरतो आहे. अशा वेळी नाडी खाली आणायचं इंजेक्शन दिलं तर आकडा सुंदर दिसेल आणि कारण तसंच वाढत राहील. तुमच्या वडिलांना बीपीचं इंजेक्शन न देण्यामागेही हाच विचार होता.

आणखी एक गोष्ट त्या डॉक्टरांना माहीत होती. सिंपथेटिकचा हा आधार कायमचा नसतो. पीएच ७.२ च्या खाली जाऊ लागला की हृदय आणि वाहिन्या अॅड्रिनॅलिनला दाद देईनाशा होतात. नसा ओरडत असतात, ऐकणारा स्नायू ऐकत नाही. ठोके अनियमित पडतात, मग बीपी कोसळतं. दुसरीकडे सीओटू ९०-१०० च्या पुढे गेला की मेंदूलाच गुंगी येते. १८२४ मध्ये इंग्लंडच्या हेन्री हिल हिकमन यांनी प्राण्यांना सीओटू हुंगवून, बेशुद्ध करून शस्त्रक्रिया केल्या होत्या, इथर येण्याच्या दोन दशकं आधी. म्हणून तळमळणारा, मास्क ओढून काढणारा, बीपी चढलेला रुग्ण अचानक शांत झोपला तर घरच्यांना बरं वाटतं आणि आमच्या पोटात गोळा येतो.

वाहिन्या सगळीकडे सारख्या वागत नाहीत. मेंदूच्या वाहिन्या सीओटूला सर्वांत जास्त दाद देतात आणि तिथे सिंपथेटिक नसांचं फारसं चालत नाही. दाब १ मिलिमीटरने वाढला की मेंदूचा रक्तपुरवठा ३ ते ४ टक्क्यांनी वाढतो, ४० चे ८० झाले तर तो जवळजवळ दुप्पट होतो. सकाळी उठल्याउठल्या डोकं दुखणं हे रात्री सीओटू चढत असल्याचं जुनं लक्षण आहे ते यामुळे. डोक्याला मार लागलेल्या माणसाचा श्वास मंदावू देणं घातक असतं तेही यामुळेच, कारण कवटीत जास्तीच्या रक्ताला जागा नसते. फुफ्फुसांचं मात्र उलटं आहे. तिथल्या वाहिन्या सीओटू आणि आम्लतेने आवळतात, उजव्या हृदयावर भार येतो. मूत्रपिंडांकडचं रक्त सिंपथेटिक नसांमुळे कमी होतं, मीठ-पाणी साठतं. सीओपीडीच्या रुग्णाच्या पायावर सूज दिसली की सगळे हृदयाला दोष देतात. त्यात मूत्रपिंडांचा आणि या नसांचाही मोठा वाटा असतो.

आता बायपॅपनंतर बीपी १००/६० का झालं. मास्कने श्वासाला जोर मिळाला, सीओटू उतरू लागला आणि सिंपथेटिक नसांना मिळणारा हुकूम थांबला. दोन दिवस न खाता-पिता, घाम गाळून, धापा टाकून शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं, ते इतका वेळ आवळलेल्या वाहिन्यांनी झाकून ठेवलं होतं. शिवाय मास्कच्या दाबामुळे छातीत परतणारं रक्त थोडं घटतं. सलाइन जपून दिलं की बहुतेकांचं सावरतं. आधीच बीपी उतरवायचं इंजेक्शन दिलं असतं तर हेच बीपी कुठे गेलं असतं याचा विचार करा. याच कारणासाठी जुन्या रुग्णाचा सीओटू घाईने ४० वर आणायचा नसतो. साठवलेलं बायकार्बोनेट मागे राहतं, रक्त अल्कलीकडे झुकतं आणि झटके येऊ शकतात, ठोके बिघडू शकतात. तुमच्या वडिलांसाठी त्यांचा नेहमीचा आकडा, ५०-५५ असेल तर तोच, हे योग्य ठिकाण.

घरच्यांनी लक्षात ठेवायच्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर करोनानंतर घरोघरी आलं, पण ते सीओटूबद्दल काहीच सांगत नाही. ऑक्सिजन लावलेल्या माणसात ९६ दिसत असताना सीओटू ९० असू शकतो. म्हणून सीओपीडीच्या अशा रुग्णात ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्क्यांच्या मध्ये ठेवतात. "९० च दिसतंय" म्हणून घरच्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचा आकडा वाढवला तर रक्तातून सीओटू सुटतो, फुफ्फुसात रक्त नको त्या भागाकडे वळतं आणि तो आणखी चढतो. दुसरी गोष्ट झोपेच्या गोळीची. रात्री वडील बडबडतात, उठून बसतात, कुणाला झोपू देत नाहीत, म्हणून घरातली आईची अर्धी गोळी त्यांना दिली जाते. ती बडबड बऱ्याचदा सीओटूची असते. हात पुढे करून पंजे ताणायला सांगा. पंजे थांबून थांबून खाली पडत असतील आणि हात गरम असतील तर गोळी न देता थेट हॉस्पिटल गाठा.

एसी खोलीचं आता. बाहेरच्या हवेत सीओटू साधारण ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग, आहे. दारं-खिडक्या लावून दोघं झोपले तर पहाटेपर्यंत तो २००० च्या आसपास जाऊ शकतो, म्हणजे ०.२ टक्के. आपल्याच उच्छ्वासात तो ४ ते ५ टक्के असतो. खोलीतल्या एवढ्याशा वाढीला निरोगी माणूस नकळत किंचित जास्त श्वास घेऊन उत्तर देतो आणि रक्तातला आकडा जवळपास हलत नाही. कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी ५००० पीपीएमची मर्यादा मानतात. खोली कोंदट वाटते, सकाळी जडपणा वाटतो, तर फट ठेवावी हे चांगलंच, पण बीपी चढण्याचं खापर त्यावर फोडू नये. हवेतच ३ ते ५ टक्के सीओटू असेल तेव्हा मात्र धाप, डोकेदुखी, नाडी आणि बीपी वाढणं सुरू होतं, आणि १० टक्क्यांच्या पुढे काही मिनिटांत शुद्ध हरपते. हा वायू हवेच्या दीडपट जड असल्याने जुन्या विहिरी, शोषखड्डे, गोबरगॅसचे खड्डे यांच्या तळाशी साठतो. १९८६ मध्ये कॅमेरूनमधल्या न्योस सरोवरातून तो बाहेर आला आणि सुमारे १७०० माणसं एका रात्रीत गेली. विहिरीत दिवा सोडून पाहण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण ५ टक्के सीओटूतही दिवा तेवत राहू शकतो. दिवा विझला नाही म्हणून आत उतरू नका, आणि गोबरगॅसच्या खड्ड्यात तर दिवा नेणंच स्फोटाचा धोका आहे.

कुंभकाबद्दल विचारलेलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच येईल. श्वास रोखल्यावर निरोगी माणसाला सीओटू ५० च्या आसपास पोचला की राहवत नाही, तो श्वास घेतो. एवढ्याने त्याचं काही बिघडत नाही. पण श्वास रोखताना सिंपथेटिक नस किती चढते हे वर आलंच आहे. ज्यांचं बीपी ताब्यात नाही किंवा ज्यांना हृदयविकार आहे त्यांनी लांब कुंभक टाळावा. संथ श्वासोच्छ्वास करायला हरकत नाही. तुमच्या वडिलांनी मात्र श्वास रोखण्याचा कोणताही प्रकार करू नये.

डिस्चार्जनंतर बीपीच्या गोळ्या हॉस्पिटलमधल्या पहिल्या रात्रीच्या आकड्यावरून वाढवून घेऊ नका. दम स्थिरावल्यावर दोन आठवड्यांनी, शांत बसवून, दोन-तीन वेळा मोजलेलं बीपी फॅमिली डॉक्टरांना दाखवा आणि त्यावर ठरवा. ते रात्री घोरतात का, घरी बायपॅपची गरज आहे का, हे छातीच्या डॉक्टरांना आवर्जून विचारा. आणि डिस्चार्जच्या दिवशीचा एबीजीचा कागद फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा. पुढे कधी मध्यरात्री कॅज्युअल्टीत न्यावं लागलं, तर तिथल्या अनोळखी डॉक्टरला यांचा नेहमीचा सीओटू किती असतो आणि ऑक्सिजन किती ठेवायचा, हे त्या कागदावरून मिनिटभरात कळेल.